धुराच्या बदल्यातलं झाड

आई,

परवा सिटीची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची माणसं येऊन तुझं झाड छाटून गेली. खालच्या फांद्या पायवाटेवर यायला लागल्या होत्या, चालणाऱ्यांच्या डोक्याला लागत होत्या, म्हणून. मी घरूनच काम करत होतो. करवतीचा आवाज आला तसा मीटिंग अर्धी टाकून, घरातल्या चपला तशाच पायात, धावत गेलो आणि त्या माणसाला उगाचच बजावत राहिलो, जपून, जपून. तो बिचारा मान डोलवत होता आणि आपलं काम करत होता. मी कोण, हे झाड कोणाचं, त्याला काय देणंघेणं. झाड आता मागच्या घरांच्या छपरांच्या वर गेलंय. तू पाहिलंस तेव्हा माझ्या मनगटाएवढं खोड होतं, आता मिठी मारावी लागते. मी मारत नाही, लोक बघतात. हॉस्टेलवरून तुला पत्रं लिहायचो त्यात ‘मी मजेत आहे, तू मजेत ना’ याच्यापुढे गाडी जायची नाही. तेव्हा लिहायला काही नव्हतं असं नाही, पण तुला सगळं आधीच कळलेलं असतं अशी माझी पक्की समजूत होती. आता तू नाहीस, तेव्हा तुला कळण्याची भीती नाही. म्हणून लिहायला बसलोय.

तू आमच्याकडे फ्रीमाँटला कायमची राहायला आलीस ते २००६ साल होतं. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपलेली, कराडचं घर बंद केलेलं, आणि तू दोन बॅगांत सगळा संसार भरून आली होतीस. त्यातल्या एका बॅगेत निम्मी जागा लोणच्यांनी खाल्ली होती आणि तुझी पट्टी कापायची कात्री हातातल्या बॅगेत निघाली म्हणून तिकडच्या विमानतळावर तू वाद घातला होतास. ती तू शेवटी मोठ्या बॅगेत टाकायला लावलीसच. त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात एक टूम निघाली होती. आपण गाडी चालवतो, विमानानं फिरतो, त्याचा धूर किती, ते कॉम्प्युटरवर काढायचं आणि मग त्याच्या बदल्यात झाड दत्तक घ्यायचं. आमच्या टाउनहाउसच्या मागे, ओढ्याच्या कडेच्या पायवाटेला, एक संस्था सिटीच्या मदतीनं झाडांची रांगच लावत होती. तुम्ही कोणाच्या तरी नावानं एक झाड अर्पण करायचं, तीन उन्हाळे त्याची निगा राखायची. पुढे ते मोठं झालं की तुमचा धूर शोषून घेईल. मी रोज फ्रीवेवर सान होजेला जाऊन-येऊन दोन तास पेट्रोल जाळणारा माणूस. घरातला मनीप्लँटसुद्धा मी जगवलेला नाही. तरी नाव दिलं, आणि झाड बाबांच्या नावानं केलं. तुला अभिमानानं सांगितलं, आई, तू आलीस त्या विमानाचा धूरही यात धरलाय. तू भाजी निवडत होतीस.

‘म्हणजे धूर आपण करायचा आणि गिळायचा झाडानं?’

‘हो, तसंच काहीतरी.’

‘पाप करायचं आणि मग दान द्यायचं. हे आपल्याकडचंच आहे की. यासाठी अमेरिकेला कशाला यायला हवं? आणि पाणी कोण घालणार?’

‘मी.’

‘मी म्हणजे मी,’ तू स्वतःकडे बोट दाखवून म्हणालीस, आणि ते खरंच झालं.

झाडं लावायच्या दिवशी शनिवार होता. उन्हाची मोठी टोपी घातलेली एक गोरी बाई, संस्थेची स्वयंसेवक, सगळ्यांना शिकवत होती आणि मी तुला मराठीत सांगत होतो. पाणी बुंध्यावर ओतायचं नाही, लांबून, हळूहळू, गोल. लाकडाचा चुरा खोडाला चिकटू द्यायचा नाही. आधाराच्या काठीला झाड ज्या पट्ट्यानं बांधलंय तो दर काही महिन्यांनी सैल करायचा, आणि बाकी खोडाला काही म्हणजे काही बांधायचं नाही. झाडाचं रक्त सालीखालूनच वाहतं, असं ती म्हणाली. तू लगेच मान डोलावलीस. ‘प्लास्टरसारखं. घट्ट बसलं की बोटं काळी पडतात. हिला सांग, मला समजलं.’ वड आहे का म्हणून तू विचारलंस, तेव्हा ती बाई हसली. तुला ओक मिळाला. इथे उन्हाळ्यात टिपूस पडत नाही, आणि आपला होजपाइप काही तिथवर पोचत नव्हता. मग तू नातीची जुनी स्ट्रोलर गराजमधून काढलीस, कपड्यांच्या साबणाचे रिकामे कॅन धुऊन भरलेस, त्यांना स्ट्रोलरचा पट्टा लावलास आणि निघालीस. समोरून येणारी माणसं आत बाळ बघायला वाकायची आणि त्यांना कॅन दिसायचे. तू त्यांना छान हसून हॅलो म्हणायचीस. एकदा मी मागून आलो तर तू झाडाशी भांडत होतीस. ‘तिथे असताना कधी वेळेवर पाणी प्यायलात का? आता घ्या.’ बाबा कावीळ होऊन गेले तेव्हा मी दहावीत होतो. तू नर्स असून त्यांना वाचवू शकली नाहीस, याबद्दल तू माझ्याशी कधी एक अक्षर बोललेली नव्हतीस. मी तसाच मागे फिरलो.

रांगेतली बाकीची झाडं पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी वाळली. झाड अर्पण करायला सगळे आले होते, पाणी घालायला वेळ कोणाला होता? पाट्या मात्र राहिल्या, अमक्याच्या प्रेमळ स्मृतीस, आणि वर काटकी. आपल्यापासून तीन घरं सोडून राहणारी ती नागपूरची मुलगी, तिच्या नवऱ्यानंही एक झाड घेतलं होतं, तेही गेलं. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. ती हसतच तुझ्याकडे आली होती, ‘काकू, आमचं मेलं, तुमचं कसं वाढून राहिलं?’ तुला ती पोर फार आवडायची. तिला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दिवसभर घरात एकटी. ती दुपारी तुझ्याकडे यायची आणि ओट्याला टेकून बडबडायची. तू तिला पुरणपोळी शिकवलीस आणि तिनं तुला सावजी रस्सा. रस्सा खाऊन तू दोन दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होतीस, पण तिला कळू दिलं नाहीस. तिचा नवरा संध्याकाळी फिरून येताना दारातूनच ओरडायचा, ‘काकू, चहा टाका.’ सरळ, गोल चेहऱ्याचा मुलगा. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये वटपौर्णिमा आली. तोवर इथल्या बायका वडाच्या चित्राची पूजा करायच्या, नाहीतर दुकानातून कुंडीतलं झाड आणायच्या. त्या वर्षी तुझ्या सुनेच्या, हिच्या ग्रुपनं ठरवलं की खऱ्या झाडाचीच करायची. रांगेत एकच झाड हिरवंगार होतं, तुझं. ‘ओक म्हणजे इथला वडच की,’ ही म्हणाली. तू यावर काही बोलली नाहीस. आदल्या दिवशी तू सगळ्यांसाठी आंबे निवडलेस, हळदीकुंकवाच्या वाट्या भरल्यास, ताटं लावलीस, साबुदाणा भिजत टाकलास. विधवा बाईनं त्यात यायचं नसतं, हे तुला कोणी सांगायला लागलं नाही. तू स्वतःच किचनमध्ये थांबलीस. मला त्यात काही खटकलं नाही, कारण लहानपणापासून मी तुला अशीच पाहत आलो होतो, सगळं करून देऊन आत थांबलेली. निघताना तू हिला फक्त एवढंच म्हणालीस, ‘दोरा सैल बांधा हं.’

मला फोटो काढायला नेलं होतं. पैठण्या, त्याखाली स्पोर्ट्स शूज, आणि झाडाभोवती प्रत्येकीच्या सात फेऱ्या. भारतातून आणलेलं सूत तिसऱ्या-चौथ्या बाईलाच संपलं. मग एक जण पळत घरी गेली आणि दात साफ करायचा फ्लॉस घेऊन आली. पांढरा, बारीक, गुंडाळीवर भरपूर. सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसलो. पुदिन्याच्या वासाचा दोरा घट्ट ओढून ओढून त्या फेऱ्या घालत होत्या, मनापासून, कारण उपास खरा होता आणि नवऱ्यांबद्दलची काळजीही खरी होती. इकडे त्या वर्षी नोकऱ्यांचं काही खरं नव्हतं, सगळ्यांचे नवरे रात्ररात्र जागत होते. नागपूरची पोर डोळे मिटून, ओठ हलवत फिरत होती. तिच्या सातही फेऱ्या फ्लॉसच्या होत्या. आपल्या घरच्याही.

संध्याकाळी तू पाणी घालून परत आलीस. सुताचं काही नाही, ते दोन पावसांत कुजेल, पण हा प्लास्टिकचा कधी निघणार, असं तू हिला विचारलंस. ही म्हणाली, बघू, आठवड्यानं काढू. पण आठवड्यानं कोण काढणार? नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा कोणती बाई आपल्या हातानं तोडेल? तू एकेकीला विचारून पाहिलंस. प्रत्येकीनं हसून दुसरीचं नाव सांगितलं. मला म्हणालीस, तू काप, पुरुष माणसानं कापला तर कोणी काही बोलणार नाही. मी म्हणालो, वीकेंडला बघतो. माझं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज चालू होतं. आणि खरं सांगू, मला त्या भानगडीत पडायचंच नव्हतं. जुलै गेला. खोड दोऱ्याच्या वर फुगायला लागलं, शेंड्याची पानं पिवळी पडली. ऑगस्टमधल्या एका सकाळी तू नातीला बरोबर घेतलंस, तुझी ती दवाखान्यातली कात्री घेतलीस आणि एकेक दोरा सालीतून सोडवून कापून काढलास. जखमेतून टाके काढतात तितक्या बेतानं काढले असणार, कारण तुला घरी यायला बराच वेळ लागला. नात घरात येऊन म्हणाली, ‘डॅडी, इट कुडन्ट ब्रीद. आजी फिक्स्ड इट.’ पायवाटेनं चालायला निघालेली नागपूरची पोर तिथे येऊन थांबली होती. तिनं पाहिलं. ती तशीच परत गेली, एवढं तू सांगितलंस.

पण फोन झाले असावेत. दुपारी ही किचनमध्ये आली, रडवेली होऊन. ‘आई, निदान मला सांगायचं तरी. तो दोरा तुमच्याच मुलासाठी होता.’

‘ठाऊक आहे.’

‘मग तुमचा हात कसा चालला?’

तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. ‘तुझ्या सासऱ्यांसाठी मीही बांधत होते. दर वर्षी, उपास करून, ड्यूटीवर पायांवर उभी राहून. शेवटच्या वर्षीही बांधला. दिवाळीपर्यंतही राहिले नाहीत.’ मग तुला काय वाटलं कोण जाणे, तू थोडी हसलीस. ‘आणि झाड कोणाच्या नावाचं आहे, वाचलंत का कोणी? गेलेल्या माणसाकडे तुम्ही नवऱ्यांचं आयुष्य मागायला गेलात. मी बोलले का काही?’ ही तिथून निघून गेली. मी दोघींच्या मध्ये उभा होतो आणि फ्रिज उघडून पाणी पीत होतो.

नागपूरच्या पोरीचा नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. ऑफिसच्या जिममध्ये, ट्रेडमिलवर. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा ती बाहेरच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर त्याचे बूट घेऊन. कोणीतरी ते तिच्या हातात दिले होते आणि तिला ते कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मला म्हणाली, ‘दादा, सकाळी चहा पिऊन गेले हे.’ तू घरी वरणभात केलास, डबा भरलास, मऊ, गिळता येईल असा, आणि आपण तिघं त्यांच्याकडे गेलो. दारात हिच्या ग्रुपमधली एक होती. तिनं हिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, काकूंना आज आत नको. हळू म्हणजे इतक्या हळू नाही की तुला ऐकू जाणार नाही. तू डबा माझ्या हातात दिलास. ‘मी गाडीत बसते, तुम्ही या जाऊन.’ मी तेव्हा त्या बाईला काहीतरी बोलायला हवं होतं. मृत्यूच्या घरात भांडण नको, असं मी मनाला सांगितलं आणि आत गेलो. परत आलो तर तू मागच्या सीटवर ताठ बसली होतीस, पट्टा लावून.

त्या दिवाळीत आपल्याकडे कोणी फराळाला आलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं, सगळे शिकलेसवरलेले, इंजिनियर, पीएचडी. काकू, कशा आहात, म्हणून पुढे सरकायचे. मला संताप यायचा. घरी येऊन मी तावातावानं बोलायचो, हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांबद्दल, कोलेस्टेरॉलबद्दल, आपल्या लोकांच्या खाण्याबद्दल. तू म्हणायचीस, ‘मला कशाला सांगतोस? मी नर्स होते.’ आणि तू पाण्याचे कॅन भरायला जायचीस. इथला हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला होता, पाण्याची गरज नव्हती, तरी जायचीस.

जानेवारीत नागपूरची पोर निरोप घ्यायला आली. नवरा गेला की त्याच्याबरोबर व्हिसाही जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घर, गाडी, सगळं सोडून तिला परत जायचं होतं. दुपारची वेळ, मी त्या दिवशी घरी होतो, ही ऑफिसात. ती ओट्याशी तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली, पण टेकली नाही. किती वाळली होती. तू चहाचं आधण ठेवायला वळलीस तेव्हा ती म्हणाली, ‘चहा नको, काकू. मला एकच विचारायचं आहे. खरं सांगाल?’

‘विचार.’

‘तुम्ही दोरा कापला नसता तर हे राहिले असते का?’

मी सोफ्यावरून उठलो. मला वाटलं आता तू तिला जवळ घेशील, वेडी आहेस का म्हणशील, समजावशील. तुझ्याइतकं चांगलं कोण समजावणार होतं? तू गॅस बंद केलास. तिच्याकडे नीट बघितलंस.

‘राहिले असते, बाळा,’ तू म्हणालीस. ‘माझं चुकलं. मी कापायला नको होता.’

आई, ती पोर इतकी रडली. आतून काहीतरी फुटल्यासारखी. आणि मग शांत झाली, डोळे पुसले, म्हणाली, ‘मला वाटतच होतं.’ तुला नमस्कार न करता गेली. दार लागल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. हे काय बोललीस तू? खोटं आहे हे. आता ती गावभर सांगेल, काकूंनी स्वतः कबूल केलं म्हणून. तू खुर्चीवर बसलीस, गुडघे चोळत.

‘नवरा मेल्यावर बाई पहिलं काय शोधते, ठाऊक आहे? माझं काय चुकलं, ते. मी नर्स, मला सगळं समजत होतं. लिव्हर कशानं जातं, पाठ होतं मला. तरी वर्षानुवर्षं शोधत होते. त्या शेवटच्या वटपौर्णिमेला मी नाइट ड्यूटीवर उपास असताना अर्धा कप चहा घेतला होता. तो कप मला अजून दिसतो. त्या पोरीला अख्खं आयुष्य काढायचंय. ती हुडकत बसली असती, कुठे चुकलं, कुठे चुकलं. आता तिला सापडलं. माझ्यावर ढकललं की झोप तरी लागेल तिला.’

‘आणि तुझं काय? लोक काय म्हणतील तुला?’

‘लोकांना मी किती दिवस पुरणार आहे?’

एक गोष्ट मी तेव्हा तुला विचारली नाही. तू तिला जे म्हणालीस त्यातलं तू स्वतः किती खरं मानत होतीस, आई? ज्या बाईला अर्धा कप चहा इतकी वर्षं दिसतो, तिला कात्री दिसत नसेल? पुढच्या चार-पाच महिन्यांत तू पार बारीक झालीस. जेवताना हात मध्येच थांबायचा. मी विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस तर मला ते सोसलं नसतं.

लोकांना तू फार दिवस पुरली नाहीसच. मे महिन्यात सकाळी बाथरूममध्ये पडलीस, मेंदूत रक्तस्राव झाला आणि तिसऱ्या दिवशी गेलीस. अंत्यसंस्काराला हिच्या ऑफिसचे, माझ्या ऑफिसचे आले. ग्रुपमधल्या दोघी-तिघी आल्या, मागे उभ्या राहिल्या आणि लवकर गेल्या. ती उन्हाच्या टोपीवाली बाई मात्र आली, हातात टोपी घेऊन. तिनं मला विचारलं, आता झाडाला पाणी कोण घालणार आहे. मला त्या वेळी तिचा राग आला होता. विद्युतदाहिनी नसते इथे, गॅसवर करतात. बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून मी त्या धुराड्याकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल, तर हा धूर आपण कॉम्प्युटरवर धरला नव्हता. मला स्वतःचीच किळस आली. पण डोकं आपल्या ताब्यात थोडंच असतं.

तिसरा उन्हाळा नातीनं आणि मी पाणी घातलं. तीच स्ट्रोलर, तेच कॅन. त्या वर्षी आपल्या ओळीतली कर्ज थकलेली कितीतरी घरं बँकांनी ताब्यात घेतली, माणसं सामान ट्रकमध्ये भरून कुठे कुठे गेली, आणि उरलीसुरली झाडंही गेली. पुढे सिटीनं काटक्या उपटल्या, पाट्याही काढल्या. आपल्या ओकच्या खोडावर दोऱ्याच्या जागी आडवा उंचवटा राहिला, हात फिरवला की लागतो. तू आलीस त्या एका विमानाचा धूर तरी त्यानं आतापर्यंत शोषला असेल की नाही, मला ठाऊक नाही. हिशोब करायचं मी सोडून दिलं. मी अजूनही त्याच फ्रीवेवर असतो.

नागपूरची पोर तिकडे शाळेत शिकवते, असं कानावर आलं. तिनं पुन्हा लग्न केलं, बरी आहे. मध्यंतरी तिचा नंबर मला मिळाला होता. फोन करून तिला खरं काय ते सांगावं, तुझ्यावरचा हा डाग पुसावा, असं माझ्या फार मनात होतं. हिला सांगितलं, तर ही म्हणाली, ‘आईंनी तिला जे दिलं ते तू परत घेणार का?’ तुझ्या सुनेच्या तोंडून हे ऐकायला तू असायला हवी होतीस. त्या वर्षीपासून आपल्या घरात वटपौर्णिमेचा विषय निघालेला नाही. ही बाकीच्या बायकांत जाणंही हळूहळू बंद करून बसली. तिनं तुझी माफी मागितली होती का, मला ठाऊक नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. कराडच्या पत्त्यावर आता फार्मसी आहे. लिहून झालं की मी ते फाडेन बहुतेक, मुलीच्या हाती लागायला नको, तिला मराठी वाचता येत नाही तरी. पण एक राहिलंय, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो ते त्याच्यामुळेच. गेल्या जुलैमध्ये माझ्या छातीत दुखायला लागलं. दुपारी, गॅलरीत. घाम फुटला, डावा हात जड झाला. ही जिवाच्या आकांतानं फोन करत होती. ॲम्ब्युलन्समध्ये मला आडवं घातलं, तोंडावर मास्क, ही बाजूच्या बाकावर, माझी चप्पल हातात धरून. सगळे त्या दोऱ्यावर विश्वास ठेवून होते, तेव्हा घरी नळ्या आणि कोलेस्टेरॉल शिकवत बसलेला मी माणूस. तुझ्यासाठी सगळ्यांशी मनातल्या मनात भांडलेला. मी मास्क बाजूला केला. ती माणसं मला ओरडली. मी हिला विचारलं, ‘तू अजून दोरा बांधतेस का?’

हिनं मास्क माझ्या तोंडावर परत बसवला. ‘बांधते. दर वर्षी, सकाळी एकटी जाऊन. सुती. महिन्यानं जाऊन सोडून आणते. गप्प पड आता.’

बरं वाटलं, आई. तुझी शपथ, मला फार बरं वाटलं.